अन्नछत्राच्या दारातले उखळ

सोमवती नगरीत धृतिसेन राजा राज्य करीत होता, त्या काळी बोधिसत्त्वाने तेथील एका अमात्याच्या कुळात जन्म घेतला होता. तो मोठा झाल्यावर राजाने त्याच्याकडे अन्नछत्र सोपविले. येईल त्याला तो पान वाढी. कोण, कुठला, काय करतोस, असे कोणाला विचारीत नसे.

कोशाध्यक्ष विरोचनाला हे खुपत असे. एके दिवशी तो राजाला म्हणाला, "महाराज, कापणीला माणूस मिळत नाही आणि इथे धडधाकट गडी जेवून सावलीला लोळतात. घाम गाळणाऱ्यांचे धान्य आहे हे."

राजाला ते पटले. "पण धडधाकट कोण, हे ओळखायचे कसे?"

"दारात दगडी उखळ ठेवू. ज्याला ते उचलता येईल, त्याला कामही करता येईल. त्याला पान वाढू नये."

"महाराज, उखळाला माणूस कळत नाही," बोधिसत्त्व म्हणाला. पण राजाची आज्ञा झाली आणि उखळ दारात आले.

दुसऱ्या दिवशी लोळणारे गडी उखळाला नुसता हात लावून खोटेच कण्हू लागले. एक जण तर कंबर धरून खालीच बसला. मग सगळे आत जाऊन पोटभर जेवले. त्यांच्यामागून सुभग नावाचा म्हातारा बुरूड आला. डोळे अधू झाल्याने त्याला आता टोपल्या विणता येत नव्हत्या.

"उचलता येईल का, आजोबा?" शिपायाने विचारले.

"न यायला काय झाले?" म्हाताऱ्याने सगळा जीव एकवटून उखळ वीतभर उचलले. शिपायाने नाइलाजाने त्याला परत पाठविले.

बोधिसत्त्व स्वतःचे ताट झाकून त्याच्या झोपडीत घेऊन गेला.

"राजाच्या लेखी मी धडधाकट आहे," सुभग म्हणाला. "फुकटचे कसे खाऊ?"

"हे माझ्या ताटातले आहे. मला एकट्याला जेवण जात नाही."

म्हातारा हसला आणि जेवायला बसला.

सकाळी बोधिसत्त्वाने राजाला आणि विरोचनाला दाराशी पडद्याआड बसविले. गड्यांचे कण्हणे पाहून राजाला हसू आवरेना. तेवढ्यात सुभग आला, उखळाला भिडला आणि भोवळ येऊन कलला. राजाने धावत जाऊन त्याला सावरले.

"उचलवत नाही, असे का नाही म्हणालात?"

"लाज वाटते, महाराज."

राजाने त्याला हाताला धरून खाली बसविले. त्याच वेळी चुल्लक नावाचा एक तरणा माणूस दाराशी आला.

"मला उखळ उचलता येते," तो म्हणाला, "पण काम करायला आवडत नाही. झाडाखाली पडून पाखरे बघायला आवडते. कण्हायचे सोंग मात्र जमत नाही. म्हणून कालपासून उपाशी आहे."

"ऐकलेत, महाराज?" विरोचन म्हणाला.

राजाने बोधिसत्त्वाला विचारले, "याला का वाढायचे? हा काम कधी करणार?"

"ते मला ठाऊक नाही, महाराज. त्याला भूक लागली आहे, एवढे दिसते. आणि उखळ आल्यापासून बाकीचे गडी काठीसुद्धा उचलायला भितात. कोणी पाहिले तर पान जाईल ना. ज्याला जेवणासाठी दुबळे दिसावे लागते, तो कापणीला कसा जाईल?"

राजाने उखळ भात कांडायला आत पाठविले. मग पळी हातात घेऊन आधी सुभगाला वाढले आणि त्याच्या शेजारी बसलेल्या चुल्लकालाही वाढले.

पुढे बरेच गडी दिवसा कापणीला जाऊ लागले आणि संध्याकाळी अन्नछत्रात जेवू लागले. काही गेले नाहीत. चुल्लक तर मुळीच गेला नाही. कोठार थोडे उणे झाले, विरोचन कुरकुरला, पण तेवढे नगरीला सोसले. सोमवतीत कोणी उपाशी झोपले नाही.

एवढी गोष्ट सांगून तथागतांनी भिक्षुसंघावरून नजर फिरविली. ते म्हणाले, "तेव्हाचा विरोचन म्हणजे भिक्षेची वाटणी पाहणारा आपला उत्तिय. धृतिसेन राजा म्हणजे उपासक धम्मिल, आणि म्हातारा सुभग म्हणजे स्थविर सोणुत्तर. चुल्लक मागे भिंतीला टेकून आत्ताही पेंगतो आहे, त्याला उठवू नका. अन्नछत्र सांभाळणारा मीच होतो. भिक्षूंनो, याला दान म्हणतात. घेणाऱ्याला त्यासाठी खोटे बोलावे लागत नाही."