बयोची दाढ आणि भागोजीचा ताठा

एका गावात एक भोळा कल्हईवाला होता, भागोजी नावाचा. भोळा हा गावाचा शब्द. त्याची बायको सरू दुसरा शब्द वापरायची, तो इथं छापण्यासारखा नाही.

त्याला सहा वर्षांची मुलगी होती, बयो. तिच्यावर त्याचा भारी जीव. बयोला मागची नवी दाढ आली ती पिवळट आणि खडूसारखी ठिसूळ. गार पाणी लागलं की पोर कळवळायची आणि भागोजीच्या घशाखाली घास उतरायचा नाही. शेवटी तो तिला घेऊन तालुक्याच्या दातांच्या डॉक्टरीणबाईंकडे गेला.

बाई म्हणाल्या, "पितळी भांड्याला आतून कल्हई असते ना, तसा दाताला वरून एक टणक थर असतो. हिच्या दाढेचा थर मुळातच कच्चा आलाय. हा दुधाचा दात नाही, जन्मभराची दाढ आहे. सांभाळली नाही तर काढावी लागेल."

"कल्हईच ना? मग भट्टी पेटवतो की."

"काहीएक पेटवू नका! घरी जा. आणि दिसेल तो गोड पदार्थ घराबाहेर काढा."

भागोजीनं हे पक्कं ध्यानात ठेवलं.

दुसऱ्या दिवशी मेहुणा आला. त्याला लग्नानंतर पाच वर्षांनी मुलगा झाला होता, म्हणून पेढे घेऊन आला होता. भागोजीनं पुडा घेतला आणि दाराबाहेर ठेवला. कुत्र्यानं तो तिथल्या तिथं संपवला. मेहुणा चहाही न पिता गेला.

सरू कडाडली. "अवो, मानसानं हौसेनं आनलेलं असं टाकत्यात व्हय? कुनी काय दिलं तर दोन्ही हातांनी घ्यावं, हसावं, त्याच्यासमोर तोंडात टाकावं आन ब्येस झालंय म्हनावं!"

भागोजीनं हेही पक्कं ध्यानात ठेवलं.

आठ दिवसांनी तो बयोला पुन्हा दाखवायला घेऊन गेला, तेव्हा डॉक्टरीणबाईंनी तिच्यासाठी मलमाची नळी पुढं केली. भागोजीनं ती दोन्ही हातांनी घेतली, हसला आणि निम्मी तोंडात पिळली.

"ब्येस झालंय," तो म्हणाला.

बाईंनी कपाळाला हात लावला. "अहो, हे खायचं नसतं! बोटाच्या टोकावर एवढंसं घ्यायचं, दातांना हळूच चोळायचं. मग अर्धा तास तोंड मिटून बसायचं. कुणी काही विचारलं तरी बोलायचं नाही."

उरलेलं मलम सरूनं बयोला लावलं, म्हणून निम्मं तरी कामी आलं. बाईंचं बोलणं मात्र भागोजीनं सगळं पक्कं ध्यानात ठेवलं.

त्याच आठवड्यात त्याच्या धाकट्या बहिणीला, वत्सलाला, बघायला पाहुणे आले. मुलाच्या मामांनी हौसेनं आपल्या कुपीतलं अत्तर भागोजीच्या हाताला लावलं. भागोजीनं ते बोटाच्या टोकावर घेतलं, दातांना हळूच चोळलं आणि तोंड मिटलं.

"मुलगी शिकलीय किती?" मामांनी विचारलं.

भागोजी गप्प.

"वय काय?"

भागोजी गप्प. त्यात अत्तर चढलं आणि डोळ्यांतून पाणी वाहायला लागलं. पाहुण्यांना आधी वाटलं, बहीण सासरी जाणार म्हणून रडतोय. मग वाटलं, मुलीत काहीतरी भयंकर आहे आणि ते ह्याला सांगवत नाही. पोह्यांच्या बशा तशाच ठेवून ते उठले. अर्ध्या तासानं भागोजीनं तोंड उघडलं आणि म्हणाला, "धावी पास."

आतल्या खोलीत वत्सला रडत होती. सरूनं ह्या खेपेला आवाज चढवला नाही, दातओठ खाऊन एकेक शब्द सांगितला. "मुलीचं कुनी इचारलं तर तोंड भरून चांगलंच सांगावं. दोष काढू नये. आन समोरच्यानं घाई केली तरी लगीच हो म्हनू नये. जरा ताठ ऱ्हावं."

भागोजीनं हे तर फारच पक्कं ध्यानात ठेवलं.

महिन्याभरानं बयोची दाढ ठणकायला लागली. त्या बाजूनं तिला घास चावता येईना. सरूनं दोघांना सकाळच्या गाडीनं तालुक्याला धाडलं.

"कशी आहे मुलगी?" डॉक्टरीणबाईंनी विचारलं.

"सोन्यासारखी! नाव ठिवायला जागा न्हाई."

"दुखतंय का?"

"छ्या! दात कसं, मोत्यावानी."

"बाबा, लई दुखतंय," बयो म्हणाली.

"लाजतीय," भागोजी म्हणाला.

बाईंनी बयोला खुर्चीत बसवून आरशानं दाढ पाहिली आणि त्या गंभीर झाल्या. "कोपरा तुटायला लागलाय, पण दाढ वाचेल. आत्ताच स्टीलची टोपी बसवते, काही दुखायचं नाही. उशीर केलात तर काढावीच लागेल. बसवू ना?"

भागोजी ताठ झाला. एवढी घाई ऐकून त्याला मनातून बरंच वाटलं.

"अजून ल्हान हाय पोर," तो म्हणाला. "धा वर्सं थांबा."

आणि तो बयोला कडेवर घेऊन निघाला. बाई आरसा हातात धरून बघतच राहिल्या.

घरी येऊन त्यानं हे सगळं मोठ्या अभिमानानं सांगितलं. सरूनं अंगणातल्या दोरीवरचं लुगडंही काढलं नाही. तिनं बयोला उचललं आणि दुपारची गाडी गाठायला पळत सुटली.

भागोजी तिच्यामागं वेशीपर्यंत धावला. सगळ्या गावाला ऐकू जाईल असं ओरडला, "अगं, माघारी ये! मुलीकडच्यांनी असं मागं लागू नये!"