उशाखालचा लाडू

"महाराज, खोटं बोलणाऱ्याला मठात ठेवायचं का?"

विद्याधरने हे विचारलं ते भरल्या पंगतीत. त्याच्या एका हातात अर्धा लाडू होता, दुसऱ्या हातात श्रीहरीचं मनगट.

श्रीहरी सोळा वर्षांचा. लहानपणापासून मधुमेह. जेवणाआधी साखर तपासणं, इन्सुलिन टोचणं, सगळं तो स्वतःच करायचा. पण विद्याधर विज्ञान शिकून आलेला. त्याने आपणहून पोराची काळजी अंगावर घेतली. रोज पंगतीत साखरेचा आकडा विचारायचा आणि वाढलेला असला की तिथेच झापायचा.

आज त्याला पोराच्या उशाखाली लाडू सापडला होता.

पोराची इंजेक्शनची पिशवीही त्याने काखेत मारली होती. ही यापुढे माझ्याकडे राहील, तो म्हणाला, नाहीतर याला घरी पाठवा.

श्रीहरीने मान वर केली नाही. कान तेवढे लाल झाले.

"साखर किती होती रे आज?" महाराजांनी विचारलं.

"एकशे चाळीस," विद्याधर म्हणाला.

"तुला नाही विचारलं."

"तीनशेच्या जवळ," श्रीहरी पुटपुटला. "डॉक्टरांनी शिकवलंय तेवढं इन्सुलिन वाढवून घेतलं. आता उतरतेय."

"मग याला एकशे चाळीस का सांगितलंस?"

"खरं सांगितलं की सगळे माझ्या ताटाकडे बघतात."

महाराजांनी आपल्या घोंगडीखाली हात घातला, कागदाची एक पुडी काढली आणि विद्याधरसमोर उलगडली.

दोन पेढे. एक उष्टा.

पंगतीत कुणीतरी फिस्सकन हसलं आणि लगेच गप्प झालं. महाराजांनाही साखर होती. त्यांच्या गोळ्या, त्यांचं पथ्य, सगळं विद्याधरच बघायचा. रोज संध्याकाळी महाराज त्याला ओढ्यावर का पिटाळतात, ते त्याला आत्ता कळलं.

श्रीहरीचं मनगट त्याच्या हातून सुटलं. मनगटावर बोटं उमटली होती.

"महाराज… निदान मला सांगायचं तरी."

"तुला?"

विद्याधरला मान वर करवेना. हातातला लाडू कुठे ठेवावा, तेही सुचेना. काखेतली पिशवी त्याने मुकाट्याने श्रीहरीला दिली.

"मी आता काय करू?"

महाराज थोडे सरकले. आपल्या आणि श्रीहरीच्या मधे त्यांनी एक पान मांडलं.

"जेवायला बस. आज तुझ्या घासाकडे आम्ही दोघं बघतो."