बिनतेलाचं फाटक

पुलावर जायचं तर आधी हे फाटक उघडावं लागतं. उघडा तुम्हीच. आला ना अंगावर काटा? सगळ्यांना येतो. मागच्या आठवड्यात नागपूरच्या एक बाई कानांवर हात ठेवून म्हणाल्या, "आजोबा, खोबरेल तरी सोडा हो दोन थेंब!" मी नुसता हसलो. आमच्या कोसमटोल्यात या फाटकाला तेल घालत नाहीत. का, ते सांगतो. बसा त्या दगडावर.

आता हा फिरायचा रस्ता झाला. वनखात्याने फळ्या ठोकल्या, कठडे लावले, पलीकडे पाखरं बघायला मचाण बांधलं. पण पूल जुना आहे. माझ्या आज्याच्या काळात यावरून सागवान जायचं. डोंगरात झाडं तोडायची, ओंडके लोखंडी चाकांच्या ट्रॉलीवर बांधायचे, की ट्रॉली रुळांवरून उताराने आपोआप खाली यायची. मागे एक माणूस ब्रेकचा दांडा धरून बसायचा. रिकामी ट्रॉली बैल वर ओढून न्यायचे. गावालाही डोंगराकडे जायला हाच पूल होता आणि मध्ये बाजूला सरायला जागा नव्हती. म्हणून पाय ठेवण्याआधी माणूस वाकून रुळाला कान लावायचा. ट्रॉली निघाली असली तर रूळ गुणगुणतो. चाकांची किंचाळी तर कोसभर ऐकू यायची.

माझा आजा कन्ना ब्रेकवर असायचा. त्याची आई लवकर गेली. थोरली बहीण वंजे, तिनेच त्याला पाठीला बांधून वाढवलं. ती त्याला फार चिडवायची, असं सांगतात. "ब्रेकवर बसतोस म्हणून साहेब झालास का रे? उतर खाली, पाणी भर."

एका वर्षी पेरणीआधीचा पंडुम आला. पंडुम म्हणजे आमचा सण. त्या दिवशी कोणी कुऱ्हाड उचलत नाही, बैल जुंपत नाही. जंगल त्या दिवशी निजलेलं असतं म्हणे, त्याला उठवायचं नाही. ठेकेदाराच्या मुकादमाला हे ठाऊक होतं. पण आभाळ भरून आलं होतं आणि वर एक ट्रॉली भरून उभी होती. त्याने कन्नाला बाजूला घेतलं.

"एवढी एक खेप आण. कुऱ्हाड नको, बैल नको, नुसतं बसून यायचं. जमत नसेल तर सांग, उद्यापासून ब्रेकवर दुसरा बसेल."

नुसतं बसायचं, त्यात काम कसलं? कन्नाने मनाची अशी समजूत घातली. पण चाकं किंचाळली असती आणि साऱ्या गावाला कळलं असतं. त्याने घरातलं मोहाच्या बियांचं तेल सुकवलेल्या भोपळ्याच्या तुंब्यात भरून घेतलं. "डोकं दुखतंय, वर झाडाखाली पडतो," असं बहिणीला सांगितलं आणि पूल ओलांडून गेला. वर जाऊन चाकांना सढळ हाताने तेल पाजलं. ट्रॉली निघाली तेव्हा फांदीवरचं पाखरूसुद्धा उडालं नाही म्हणे.

इकडे गाव जेवायला बसलं. कन्ना नाही असं बघून वंजेने त्याच्या वाट्याचं द्रोणात घेतलं आणि निघाली. पुलाशी आली. रुळाला कान लावला नाही. का लावेल? पंडुम होता. द्रोण दोन्ही हातांत धरून, पायाखालच्या फटी बघत ती चालू लागली. कन्नाने तिला पाहिलं आणि ब्रेक ओढला. पण तेल ओघळून चाकांच्या कडांवर आलं होतं. ब्रेक घसरत राहिला.

त्यापुढचं मी सांगत नाही.

मुकादम म्हणाला, पुलाने बळी घेतला. गावातल्या बाया रडता रडता म्हणाल्या, बाईने कान तरी लावायचा होता. कन्ना तीन दिवस हे ऐकत राहिला. मेलेल्या बहिणीवर चूक जात होती, आणि तो गप्प होता. चौथ्या दिवशी गाव बसलं असताना त्याने तो तुंबा सगळ्यांसमोर ठेवला. "तेल मी घातलं."

मग गावचा म्हातारा पुजारी म्हणाला, "तुला आम्ही आणखी काय शिक्षा देणार, बाबा? या पुलावर चाकाला पुन्हा तेल लागणार नाही, एवढं बघ." कन्नाने ते जन्मभर बघितलं. मुकादमाची माणसं चोरून तेल घालायची, तरी पुलावर आलं की चाकं किंचाळायचीच म्हणे.

पुढे तोड थांबली, रूळ उखडून नेले. एक तुकडा राहिला होता, त्याचं लोहाराने हे फाटक उभं केलं. उद्घाटनाला आलेले साहेब बिजागरीला तेल घालायला निघाले, तर आमच्या बायांनी त्यांच्या हातातली बुधली काढून घेतली.

गाव सांगतं ते इथवर. पुढचं आज्याने शेवटच्या दुखण्यात फक्त मला सांगितलं. मीही ते पुष्कळ वर्षं पोटात ठेवलं, तो दोष माझा.

वंजे दिसली तेव्हा ट्रॉली वरच्या वळणावरच होती. ती पुलावर चार पावलंच आली होती. हाक ऐकली असती तर मागे फिरली असती. "हाक घशात आली होती रे," आजा म्हणाला, "पण आधी मनात आलं, गावाला ऐकू जाईल." एक श्वास थांबला तो. मग ओरडला, पण तोवर ती पुढे गेली होती. माझा हात धरून म्हणाला, "तेलाचं गावाने पोटात घातलं. हाकेचं कोणाला सांगू?"

आजही हे फाटक वाजलं की शेतातला माणूस मान वर करून पुलाकडे बघतो. तेल न घालण्याचं कारण आमच्यातल्या पोरासोरांनाही पाठ आहे. मी मात्र आवाज आला की वेगळंच ऐकतो. फाटक थांबत नाही, कोण ऐकेल याचा विचार करत नाही. हात लागला की ओरडतं.

काही पाहुणे शहाणे असतात. फाटक जरा उचलून धरतात, म्हणजे ते गुपचूप उघडतं. तुम्ही परत येताना तेवढं करू नका.