वरून साद येईपर्यंत

एकदा एका नदीकाठच्या मोजणी कचेरीत एक वृद्ध गृहस्थ शिकवायला येत असत. सारे त्यांना आप्पा म्हणत. घाटाच्या पायऱ्यांवर कोरलेली पट्टी वाचून नदीच्या पाण्याची पातळी सांगण्यात त्यांची पस्तीस वर्षे गेली होती. निवृत्तीनंतर लोक तुळशीला पाणी घालतात किंवा सुनेला सल्ले देतात. आप्पा संगणक शिकले. तेही वरवर नाही. यंत्राच्या पोटात शिरून थेट आज्ञा देता येते अशी रस्ट नावाची भाषा त्यांनी आत्मसात केली आणि कचेरीतल्या तरुणांना ती शिकवू लागले.

त्यांची सर्वांत हुशार शिष्या सुलक्षणा. हुशार माणसाला घाई फार असते, तशी तिलाही होती. पण तिची घाई उगाच नव्हती. तिचे गाव नदीच्या खालच्या अंगाला, दोन कोसांवर होते. कचेरीत दर पाव तासाला पाण्याची पातळी लिहिली जाई, आणि मागच्या तासाभरात पाणी किती चढले हे पाहून पुराचा भोंगा वाजवायचा की नाही ते ठरे. त्या भोंग्यावर तिची आई शेळ्या सोडून टेकडीकडे निघणार होती. आधीचे आकडे हरवले, तर ताज्या आकड्याचा काही उपयोग नव्हता.

कचेरीच्या साहेबांनी तिला सांगितले होते, "सोमवारी तुमचा प्रोग्राम दाखवा. पसंत पडला तर नोंदी त्याच्यावर. नाहीतर आपली वही बरी, आणि तुम्ही आपल्या जुन्या कागदपत्रांच्या खोलीत."

सुलक्षणाने जिवाचे रान केले. फाइल तयार करणे, तिच्यात अक्षरे लिहिणे, हे ऐकायला सोपे. पण या भाषेचा स्वभाव मोठा चिकित्सक. लिहिण्याच्या प्रत्येक आज्ञेला ती उत्तर देते, जमले किंवा जमले नाही, आणि ते उत्तर कोणी ऐकले नाही तर टोकते. सुलक्षणाला त्या टोकण्याचा कंटाळा आला. तिने दोन-चार अक्षरे टाकून त्या भाषेचे तोंड बंद केले. मग काय, सगळे सुरळीत! मंगळवारी दुपारी पडद्यावर सकाळपासूनच्या पातळ्या एकाखाली एक उमटल्या आणि शेवटी शब्द आले: नोंद झाली.

तिला आनंदाने रडू यायचे बाकी होते. स्टँडजवळच्या दुकानातून तिने पेढे आणले. साऱ्या कचेरीने तोंड गोड केले. आप्पांनी मात्र पेढा कागदात गुंडाळून टेबलावर ठेवला.

"आत्ताचा आकडा घाल बघू," ते म्हणाले.

तिने आकडा घातला. नोंद झाली, असे पडद्यावर आले. त्याच क्षणी आप्पा गुडघ्यावर हात ठेवून वाकले, टेबलाखाली गेले आणि त्यांनी संगणकाचा प्लग उपटला.

सारे टेबलाभोवती गोळा झाले. संगणक पुन्हा सुरू केला, तेव्हा फाइल होती, पण आत एक अक्षर नव्हते. आत्ताचा आकडा नाही, सकाळचे आकडेही नाहीत.

"आप्पा, हा काय खेळ मांडलाय?" सुलक्षणाचा आवाज चढला. "प्लग उपटल्यावर कुणाचं काम टिकेल?"

"पूर येताना वीज आहे का, असं विचारून येत नाही, पोरी."

"तुम्हाला माझं यश बघवत नाही, एवढंच!"

बोलून गेली, आणि तिचे तिलाच वाईट वाटले. आप्पांना राग आला नाही. ते म्हणाले, "चल घाटावर. येताना जुनी वही घे."

घाटावर त्यांनी तिला अगदी खालच्या, पाण्यातल्या पायरीवर उभे केले आणि स्वतः वही घेऊन वर बसले. "पट्टी वाच आणि पुकार."

"नऊ फूट चार!" तिने ओरडून सांगितले आणि साडी सावरत वर चढू लागली.

"थांब! वर यायला कुणी सांगितलं?"

"आकडा सांगितला की!"

"सांगितलास. मी लिहिला का? बघ." त्यांनी वही पुढे धरली. पान कोरे होते.

ती पायरीवरच थबकली. तेव्हा आप्पा सावकाश म्हणाले, "आमच्या काळी खालच्यानं आकडा पुकारायचा आणि वरच्यानं तो शाईनं लिहून, वहीत बघून, परत मोठ्यानं वाचायचा. वरून साद येईपर्यंत खालच्यानं पाण्यातनं पाय काढायचा नाही, असा नेमच होता. थंडीत पाय बधिर व्हायचे. पण पस्तीस वर्षांत एक आकडा हरवला नाही. तुझा प्रोग्राम पुकारतो आणि घरी जातो. यंत्र तुझा आकडा आधी ओंजळीत, म्हणजे मेमरीत धरतं, आणि डिस्कच्या तबकडीवर सवडीनं उतरवतं. मध्येच वीज गेली की ओंजळ रिकामी. त्यात नवा आकडा लिहायला तू दर वेळी फाइल नव्यानं तयार करतेस, म्हणजे जुनी आधी पुसतेस आणि सगळे आकडे पुन्हा लिहितेस. एक ओळ लिहायला कुणी अख्खी वही कोरी करतं का? ती भाषा तुला उत्तर देत होती, पोरी. तू तिचं तोंड बंद केलंस."

सुलक्षणा पुन्हा खाली उतरली. पट्टी नीट वाचून तिने पुकारले, "नऊ फूट चार!" वरून लेखणी थांबल्यावर साद आली, "नऊ फूट चार!" मगच तिने पाण्यातून पाय काढला.

पुढचे दिवस तिने आप्पांना एक शब्द विचारला नाही. बंद केलेली तोंडे तिने एकेक करून उघडली. जुन्या फाइलला हात न लावता शेवटी फक्त नवी ओळ जोडायची. 'जमले नाही' असे उत्तर आले तर पडद्यावर तसेच सांगायचे. जमले तर तबकडीवर उतरवण्याची वेगळी आज्ञा द्यायची, आणि तिचा होकार आल्यावरच 'नोंद झाली' म्हणायचे. प्रोग्राम किंचित मंदावला. तिला त्याचे काहीच वाटले नाही.

सोमवारी साहेब आले. आप्पा मागे भिंतीशी उभे राहिले. सुलक्षणाने आकडा घातला. नोंद झाली, असे पडद्याने सांगितले.

"ठीक दिसतंय," साहेब म्हणाले.

"अजून ठीक नाही, साहेब," असे म्हणून सुलक्षणा वाकली आणि तिने स्वतःच्या हाताने प्लग उपटला.

"अहो, हे काय करताय?" साहेब खुर्चीतून उठलेच. पडदा काळा ठिक्कर पडला होता. कचेरीतले सारे पुढे सरसावले. फक्त आप्पा स्वस्थ होते.

तिने प्लग लावला. संगणक जागा झाला. फाइल उघडली. पहाटेपासूनचे सारे आकडे ओळीने उभे होते, आणि सर्वांत खाली, आत्ताच घातलेला: सात फूट अकरा.

"आणखी एकदा करून दाखवू?" तिने विचारले.

साहेब हसले. "नको, नको. वहीला आता विश्रांती द्या. आजपासून भोंगा तुमच्या फाइलवर."

टाळ्या पडल्या. सुलक्षणा धावत जाऊन आप्पांच्या पाया पडली. आप्पांनी खिशातून कागदाची पुडी काढली. आत मंगळवारचा तो पेढा होता, वाळून खडखडीत झालेला. त्यांनी तो शांतपणे तोंडात टाकला.

"आप्पा, थांबा, मी ताजा आणते!"

"कशाला? हाच तर साद यायची वाट बघत थांबला होता," आप्पा म्हणाले आणि डोळे मिटून चघळत राहिले.