वादळातली पडताळणी

शिरंबे बंदरावरच्या बचाव केंद्राचे प्रमुख दळवी साहेब शिस्तीला फार कडक. आदल्या वर्षी कुणीतरी खोटा संदेश पाठवला, बचाव पथक भलतीकडे गेलं आणि खरोखर अडकलेले खलाशी बुडाले. तेव्हापासून प्रत्येक बोटीला एक गुप्त खूण दिलेली; संदेशातली ती खूण संगणकानं पडताळल्याशिवाय पथक हलायचं नाही.

यंदा वादळ आलं आणि साऱ्या किनाऱ्यालगतच्या बोटी मदत मागू लागल्या. त्यात खोट्या संदेशांचाही पूर आला. संगणक एकेक खूण तपासत होता आणि रांग वाढतच होती.

इंजिनिअर फिरोजा मुकादम म्हणाली, "साहेब, नकाशे दाखवणारं ग्राफिक्स कार्ड या कामाला लावू द्या. ते हजारो खुणा एकदम तपासतं. मी चाचणी घेतलीय."

दळवी गरजले, "चित्रं रंगवायच्या खेळण्यावर माणसांचे जीव सोपवू? पडताळणी रांगेनंच होईल!"

फिरोजानं पडद्यावरच्या वादळाच्या नकाशाकडे बोट दाखवलं.

"साहेब, या चित्रात लाखो ठिपके आहेत. ते कार्ड सगळे एकदम रंगवतं, एकही ठिपका दुसऱ्यासाठी थांबत नाही. मग बुडणाऱ्या माणसानंच का थांबायचं?"

दळवींनी पडद्यावरून नजर वाढत्या रांगेकडे वळवली. मग हळूच म्हणाले, "लावा."

थोड्याच वेळात खोटे संदेश गळाले, खऱ्या बोटींची ठिकाणं हाती आली आणि पथकं निघाली. संध्याकाळपर्यंत बहुतेक खलाशी धक्क्यावर उतरले.

एक बोट मात्र परतली नाही; तिचा संदेश रांगेत अडकून राहिला होता. तिच्या खलाशांच्या घरी दळवी स्वतः गेले आणि म्हणाले, "उशीर माझ्यामुळे झाला."