शपथेची पेटी

"पण पेटीत अस्थी आहेत की नाहीत? तेवढंच सांगा."

गुंतारने पुन्हा विचारलं.

मठाच्या अंगणात वुल्फिनबाबा सफरचंदं चिरत बसले होते. त्यांनी मान वर केली नाही.

"एवढा घोडा दामटत आलास. आधी बस तरी."

गुंतार बसला नाही. लहानपणी तो याच मठात, बाबांच्याच हाताखाली अक्षरं गिरवायला शिकला होता. आता तो फ्रँक लोकांच्या राजदरबारात होता. कमरेला तलवार होती, आणि कुठेही गेला तरी भिंतीला पाठ लावून उभं राहायची सवय जडली होती.

गोष्ट अशी होती. गुंतारचा थोरला भाऊ अदो राजाशी भांडून, बायकामुलांना घेऊन डोंगरावरच्या गढीत जाऊन बसला होता. गढी काही केल्या पडेना. तेव्हा राजाने या मठातली पेटी नेली, तिच्यावर हात ठेवला आणि सगळ्या सरदारांदेखत शपथ घेतली, की अदो खाली उतरला तर त्याच्या केसालाही धक्का लागणार नाही. पेटीत एका संताच्या अस्थी आहेत आणि तिच्यावर खोटी शपथ घेणाऱ्याचा हात झडतो, असं सगळा मुलूख मानत होता. शपथ झाली, पेटी मठात परत आली.

अदोने गढीवरून निरोप पाठवला होता : गुंतार ये म्हणाला, तरच उतरेन.

"माझ्या एका शब्दावर बसलाय तो, बाबा."

"मग दे शब्द. नाहीतर देऊ नकोस."

"मला संशय येतो."

"कोणाचा?"

"पेटीचा." गुंतारने इकडेतिकडे पाहून आवाज खाली आणला. "आताच्या राजाचे वडील, हिल्दमार राजे... त्यांनी चुलतभावाला याच पेटीवर अभय दिलं होतं. तो बिचारा जेवायला आला आणि भरल्या ताटावर कापला गेला. राजांना काय झालं? हात झडला? म्हातारे होऊन अंथरुणात गेले, सगळे दात शाबूत! म्हणजे पेटी रिकामीच असणार. त्यांनीच रिकामी केली असणार."

"किंवा संतांना घाई नसेल."

"थट्टा नको, बाबा."

"बरं. हिल्दमार तुला कसा वाटायचा?"

"थोर राजा. नद्यांवर पूल बांधले. वाटमारे झाडांना टांगले. तुमच्या डोक्यावरचं हे छप्परसुद्धा त्यांचंच."

"खरं आहे. अजून गळत नाही."

बाबांनी मडक्यातून पेलाभर सफरचंदाचा रस ओतला आणि पुढे केला.

गुंतारने पेला घेतला. हुंगला. मग तो परत बाबांसमोर धरला.

"आधी तुम्ही."

बाबांनी एक घोट घेतला. जरा थांबून दुसरा घेतला. मग सगळा रस पिऊन पेला पालथा ठेवला.

"गोड होता," ते म्हणाले. "पुलांबरोबर ही सवयही हिल्दमारच देऊन गेला तुम्हाला."

गुंतारचे कान लाल झाले.

"दरबारात राहून बघा, मग बोला! तिथे सख्खा मामा पाणी देतो तेही गाळून प्यावं लागतं." तो जरा पुढे आला. "ते जाऊ द्या. तुम्ही शपथ घ्या. पेटी भरलेली आहे, अशी शपथ घ्या, मी निघतो."

"घेतो की. कशावर हात ठेवू?"

"पेटीव..."

गुंतारने जीभ चावली.

बाबा हसले नाहीत. त्यांनी हात पुसले, आत गेले आणि पेटी घेऊन आले. वर सोन्याचा पत्रा, खाली साधं लाकूड. कुलूप नव्हतं. नुसता चामड्याचा पट्टा आवळलेला होता.

"उघड."

"बघणाऱ्याचे डोळे जातात म्हणे."

"म्हणतात खरं."

"मग?"

"भाऊ तुझा आहे."

गुंतारने पट्ट्याला हात लावला. काढला. पुन्हा लावला. पट्टा सुटला. त्याने एक डोळा मिटून घेतला आणि उरलेल्या डोळ्याने आत पाहिलं.

पिवळ्या पडलेल्या कापडात काही हाडं होती. लहान, हलकी, वाळक्या काटक्यांसारखी. एक जबड्याचा तुकडा होता.

...

गुंतारने दुसरा डोळा उघडला. गुडघ्यांवर बसला. आणि हा कमरेला तलवार लावलेला माणूस लहान मुलासारखा हुंदके देऊन हसायला लागला.

"आहेत! बाबा, आहेत! खऱ्या आहेत!"

"आहेत."

"मग हिल्दमार राजांचा हात कसा... जाऊ दे ते. पेटी भरलेली आहे! आता आमच्या राजाची काय बिशाद आहे! अदो उद्या खाली येईल. पोरांना किती दिवसांत पोटभर मिळालं नसेल." त्याने डोळे पुसले, बाबांच्या पायांना हात लावला आणि घोड्याकडे धावला.

बाबांनी झाकण लावलं.

"शपथेच्या आधी राजा पेटी न्यायला आला होता," ते म्हणाले. "त्यानेही इथेच उघडली. मला म्हणाला, आत काही आहे का ते बघायचंय."

गुंतारचा एक पाय रिकिबीत होता. तो तसाच थांबला.

"त्यालाही संशय होता?"

"होता."

"मग... बघून काय म्हणाला?"

"काहीच नाही."

"काहीच नाही म्हणजे?"

बाबा पट्टा आवळत राहिले.

"बाबा!"

"आतल्या अस्थी पाहून तुझा चेहरा खुलला, बाळा," बाबा म्हणाले. "त्याचा पडला होता."