उजव्या पंखावरची टोपी

"मग निघायचं ना, सर?"

ओजस खानोलकरला धीर म्हणून नव्हता. अहो, असणार कसा! मालवाहू विमानावर सात वर्षं सहवैमानिकाच्या खुर्चीत काढलेली, आणि आज पहिल्यांदा कॅप्टन म्हणून उडायचं. परीक्षक कॅप्टन सबनीसांची एक सही मिळाली की गड सर!

श्रीनगरची सकाळ. पहाटे पावसाची भुरभुर पडून गेली होती. सफरचंदांच्या पेट्या भरून विमान तयार होतं.

"झोपलास किती?" सबनीसांनी विचारलं.

"तीन रात्री लागोपाठ ड्युटी झाली, सर. पण थकवा? छे! आज तर अंगात वारं भरलंय नुसतं!"

"पंख पाहिलेस?"

"स्वतः! शिडीवर चढून, हातमोजे काढून. डाव्यावर बर्फ होता. औषध फवारून घेतलं, परत चढून हात फिरवला. उजवा मात्र लख्ख कोरडा."

"काहीच नाही त्यावर?"

"शपथ घेऊन सांगतो!"

सबनीस विमानाकडे चालू लागले...

शिडी अजून डाव्या पंखालाच लावलेली होती. ओजसनं शिडीकडे पाहिलं, मग उजव्या पंखाकडे.

दोघांनी ती उजवीकडे नेली.

"चढ."

तो चढला आणि बघतच राहिला. पंखावर सरांची नारिंगी लोकरी टोपी! सर मघापासून एवढ्या थंडीत उघड्या डोक्यानं उभे आहेत, हेही त्याच्या ध्यानात आलं नव्हतं.

"सर, ही कधी...?"

"तू यायच्या आधी, भुरभुर चालू असतानाच ठेवली. आण खाली."

त्यानं ओढली. निघेना. हिसका दिला, तरी निघेना. टोपीभोवती, पार टोकापर्यंत, काचेसारखा बर्फ. त्याखालचा पंखाचा पांढरा रंग जसाच्या तसा दिसत होता.

"मी खोटं नाही बोललो, सर!" तो वरूनच म्हणाला. "मी इथं चढलो होतो. हात फिरवला होता. मला आठवतंय!"

"माहीत आहे. तीन रात्री जागलेल्याला न केलेलंही आठवतं."

"असाच उडालो असतो तर... धावपट्टीच्या टोकालाच कोसळलो असतो."

"हो."

ओजस भराभरा खाली उतरला. "पण आता कळलं ना! हाही साफ करून घेतो. दहा मिनिटं द्या फक्त, सर. मग सही करा, की निघालोच!"

सबनीसांनी सहीचा कागद घडी करून खिशात टाकला.

"टोपी राहू दे. उन्हानं सुटेल. तू जाऊन झोप."